ओझोनला हानी पोहोचवणाऱ्या वायूंची आयात : परवाना कोणाला लागतो आणि एसी-फ्रीज मेकॅनिकने काय पाहावे

एसी किंवा फ्रीज दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला आयात परवाना लागत नाही. देशातल्या विक्रेत्याकडून पक्के बिल घेऊन आणलेला गॅस ग्राहकाच्या यंत्रात भरण्यासाठी दिल्लीला कुठलाही अर्ज करायचा नसतो. हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे, कारण ‘आता गॅस भरायलासुद्धा सरकारी लायसन लागणार’ असे सांगून लहान कारागिरांकडून पैसे उकळणारे लोक असतात.

तरीही हा लेख मुख्यतः मेकॅनिक, लहान दुकानदार आणि फोम बनवणारे छोटे उद्योजक यांच्यासाठी आहे. परवाना आयातदाराच्या नावावर असला तरी त्याचा परिणाम तुमच्या हातातल्या सिलिंडरपर्यंत येतो. आर-२२ बाजारात किती वर्षे मिळेल, तो खरा असेल की भेसळीचा, आणि २०३० नंतर जुन्या एसीचे काय होईल, या सगळ्याचा संबंध या नियमांशी आहे.

कोणत्या रसायनांना हे नियम लागू आहेत?

नियमांच्या मराठी भाषांतरात ‘ओझोन क्षयकारी पदार्थ’ असा शब्द येतो. दुकानात असे कोणी म्हणत नाही. तिथे ‘बारा नंबर’, ‘बावीस नंबर’ असेच म्हणतात, आणि ओळखायला तेच सोपे आहे. आर-१२ हा सीएफसी गटातला वायू आणि आर-२२ हा एचसीएफसी गटातला. दोन्हींत क्लोरीन असतो. हवेत सुटलेला वायू वर जातो, तिथे क्लोरीन मोकळा होतो आणि सूर्याची घातक किरणे अडवणारा ओझोनचा थर खातो. आर-१२ ची ओझोन नष्ट करण्याची ताकद १ धरली, तर आर-२२ ची ०.०५५ आहे. म्हणजे एक किलो आर-२२ सोडणे हे ओझोनच्या हिशेबात ५५ ग्रॅम आर-१२ सोडण्यासारखे. ऐकायला हे कमी वाटते, पण तोच एक किलो हवामान तापवण्याच्या बाबतीत सुमारे १,८१० किलो कार्बन डायऑक्साइडइतका भारी पडतो.

या दोघांखेरीज आग विझवण्यासाठी वापरले जाणारे हॅलॉन, कार्बन टेट्राक्लोराइड, मिथिल क्लोरोफॉर्म, धान्याच्या धुरीकरणाचे मिथिल ब्रोमाइड आणि फोम फुगवण्यासाठी वापरले जाणारे एचसीएफसी-१४१बी हेही यादीत आहेत. मिथिल ब्रोमाइडला बंदरांवरील विलगीकरण आणि माल जहाजावर चढवण्यापूर्वीची धुरी यांपुरती सूट आहे, त्यामुळे ते अजून दिसते.

आर-१३४ए, आर-४१०ए आणि आर-३२ हे एचएफसी गटातले वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. त्यांच्यासाठी मॉन्ट्रियल कराराची किगाली दुरुस्ती आहे. भारताने ती सप्टेंबर २०२१ मध्ये मान्य केली. या दुरुस्तीखाली सदस्य देशांना एचएफसीच्या आयात-निर्यातीवरही परवाना पद्धत ठेवावी लागते. भारतासाठी एचएफसीची मर्यादा २०२८ पासून सुरू होते आणि २०३२ पासून वापर टप्प्याटप्प्याने खाली येतो. त्यामुळे आज ‘नवा गॅस’ म्हणून जे शिकत आहात, त्यालाही पुढे हाच रस्ता आहे हे लक्षात ठेवावे.

परवान्याची गरज का पडली?

मॉन्ट्रियल करार १९८७ सालचा. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. करारानुसार प्रत्येक देशाच्या वापराचा हिशेब असा मांडतात : देशात जेवढे बनले, त्यात आयात मिळवायची आणि निर्यात वजा करायची. लाखो घरांत आणि दुकानांत किती गॅस भरला गेला हे कोणी मोजू शकत नाही. कारखान्याचे दार आणि बंदराचे दार मात्र मोजता येते. बंदरावरचे मोजमाप म्हणजेच आयात परवाना.

भारतात हे काम पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली काढलेल्या ओझोन क्षयकारी पदार्थ (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार चालते. हे नियम जुलै २००० मध्ये अधिसूचित झाले आणि नंतर अनेकदा बदलले. केवळ आयातच नव्हे, तर उत्पादन, विक्री, वापर, वायू शुद्ध करून परत विकणे आणि नष्ट करणे यांनाही हे नियम लागू आहेत.

आकडे पाहिले की दाब किती आहे ते कळते. एचसीएफसीसाठी भारताची मूळ पातळी १,६०८.२० ओझोन-टन ठरली. ओझोन-टन म्हणजे वायूचे वजन गुणिले त्याची ओझोन नष्ट करण्याची ताकद. २०१५ पासून त्यात १० टक्के, २०२० पासून ३५ टक्के आणि २०२५ पासून ६७.५ टक्के कपात बंधनकारक आहे. सध्या उरते ते सुमारे ५२२ ओझोन-टन. हे सगळे आर-२२ च आहे असे धरले, तर वर्षाला जेमतेम ९,५०० टन. २०३० ते २०४० या काळात फक्त आधीपासून चालू असलेल्या यंत्रांच्या दुरुस्तीसाठी सरासरी २.५ टक्के मिळणार. म्हणजे साऱ्या देशासाठी वर्षाला सरासरी सुमारे ७३० टन आर-२२, तेही इतर कोणत्या एचसीएफसीला वाटा दिला नाही तर.

परवाना बंद झाला की काय होते : १४१बीची गोष्ट

एचसीएफसी-१४१बी भारतात बनतच नव्हते. जेवढे वापरले जाई ते सगळे बाहेरून येई. फ्रीजच्या भिंतीतला कडक फोम, शीतगृहाचे पॅनेल, गरम-थंड राहणारे जग आणि डबे यांत तो फुगवण्यासाठी हे रसायन लागे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२० पासून त्याच्या आयातीवर बंदी घातली. देशात कारखाना नसल्यामुळे आयात बंद म्हणजे वापर बंद. बंदराचे एक दार लावले आणि एक अख्खे रसायन देशातून गेले.

कडक फोमच्या १६३ उद्योगांना दुसऱ्या टप्प्याच्या एचसीएफसी निर्मूलन आराखड्यात घेतले होते. यंत्रे बदलण्यासाठी, नवे मिश्रण आजमावण्यासाठी बहुपक्षीय निधीतून मदत मिळाली. इथे एक अट अनेकांना अडचणीची ठरली : २१ सप्टेंबर २००७ नंतर उभारलेल्या उत्पादन क्षमतेला हा निधी मिळत नाही. ज्यांनी त्यानंतर कारखाना काढला, त्यांना बदल स्वतःच्या खिशातून करावा लागला. सायक्लोपेंटेन हा स्वस्त पर्याय आहे, पण तो पेट घेतो. त्यासाठी वायुवीजन, गळती ओळखणारी उपकरणे आणि ठिणगी न उडणारी विजेची जोडणी लागते, आणि हा खर्च छोट्या शेडला झेपत नाही. म्हणून अनेक लहान उद्योगांना पाण्यावर फुगणारा फोम किंवा महागडी नवी रसायने यांचा विचार करावा लागतो. बंदीची तारीख अधिसूचनेत येईपर्यंत वाट पाहणाऱ्यांच्या हाती निवडीला फारसा वेळ उरत नाही.

आर-२२ च्या बाबतीत फरक असा की तो भारतात बनतो. त्यामुळे तो एका दिवसात गायब होणार नाही. उत्पादनाचा कोटा आणि आयातीची परवानगी दोन्ही आवळत जातील. नव्या यंत्रांच्या निर्मितीत एचसीएफसी वापरण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२४ होती. आता जो आर-२२ आहे तो दुरुस्तीसाठी आहे.

परवाना कोणाला आणि कसा मिळतो?

ही माहिती गॅसचा घाऊक व्यापार करणाऱ्यांसाठी किंवा तसा विचार असलेल्यांसाठी. बाकीच्यांनी हा भाग वरवर वाचला तरी चालेल.

यादीतील कोणताही पदार्थ आयात किंवा निर्यात करण्यासाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याआधी पर्यावरण, वने आणि हवामान बदल मंत्रालयातील ओझोन कक्षाची शिफारस किंवा ना-हरकत हवी. अर्जदाराकडे आयात-निर्यात कोड असला पाहिजे. अर्ज महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरून करायचा असतो आणि त्यात रसायनाचे नाव, प्रमाण, कोणत्या देशातून आणणार आणि कशासाठी वापरणार हे नेमके लिहावे लागते. ‘रेफ्रिजरंट गॅस’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. आर-२२ चा परवाना घेऊन दुसरा वायू आणता येत नाही. वापरलेला किंवा शुद्ध करून परत भरलेला वायू असला तरी परवाना लागतोच. कराराचा सदस्य नसलेल्या देशाशी या पदार्थांचा व्यापार मुळात बंद आहे, पण आता जगातले जवळजवळ सगळे देश सदस्य असल्याने हा प्रश्न सहसा येत नाही.

सिलिंडरचा विषय स्वतंत्र आहे. भरलेला सिलिंडर देशात आणायचा तर गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, हिची परवानगी लागते. या संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. आतल्या वायूचा परवाना असला म्हणजे बाहेरचे भांडे आपोआप मंजूर झाले असे होत नाही, आणि माल बंदरात अडकतो तो बऱ्याचदा अशा गैरसमजामुळे. आयातीचा, विक्रीचा आणि साठ्याचा हिशेब ठेवणे आणि मागेल तेव्हा दाखवणेही बंधनकारक आहे. अर्ज करण्यापूर्वी महासंचालनालयाची चालू अधिसूचना पाहावी, कारण यादी आणि अटी बदलत राहतात.

‘दुबईहून येताना एक छोटा सिलिंडर आणला तर?’ किंवा ‘परदेशी संकेतस्थळावरून दोन डबे मागवले तर?’ असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. नियमात ‘कोणतीही व्यक्ती’ असा शब्द आहे. माल थोडा आहे, स्वतःपुरता आहे, म्हणून परवान्यातून सुटका होत नाही. विमानात दाबाखालचा सिलिंडर नेण्यावर निर्बंध आहेत ते वेगळेच.

एसीच्या बाबतीतही लक्षात ठेवावे : गॅस भरलेले एअर कंडिशनर परदेशातून आणून विकण्याच्या व्यापारावर ऑक्टोबर २०२० पासून बंदी आहे, मग आतला गॅस ओझोनला सुरक्षित असो वा नसो.

परवान्याशिवाय आलेला गॅस तुमच्या जिवावर कसा बेततो?

कोटा आवळला की चोरटा माल येतो. सीएफसी बंद होत असतानाही हे झाले. २००० साली नेपाळमध्ये परवान्याशिवाय आलेला ७४ टन सीएफसी तिथल्या सीमाशुल्क विभागाने जप्त केला. एवढ्या मालाचे करायचे काय, यावर पुढे काही वर्षे करारातील देशांच्या बैठकांत चर्चा चालली होती.

मेकॅनिकच्या दृष्टीने चोरट्या मालाचा खरा धोका दंडाचा नाही. सिलिंडरवर जे लिहिले आहे ते आत नसते, हा खरा धोका आहे. आर-१३४ए म्हणून विकल्या गेलेल्या मालात आर-४०, म्हणजे मिथिल क्लोराइड, सापडलेला आहे. हा वायू विषारी आहे, पेट घेतो, आणि ॲल्युमिनियमशी त्याची प्रक्रिया होऊन असे संयुग तयार होते की जे हवा लागताच भडकते. २०११ मध्ये असा भेसळीचा वायू भरलेल्या शीतकंटेनरांचे स्फोट झाले आणि त्यांत कामगारांचे जीव गेले. ते कंटेनर व्हिएतनाममध्ये दुरुस्त झाले होते. काम करणाऱ्यांनी काही चुकीचे केले नव्हते. त्यांनी लेबल वाचून गॅस भरला होता.

दुसरा प्रकार म्हणजे आर-२२ मध्ये एलपीजी किंवा प्रोपेन मिसळणे. थंडावा येतो, म्हणून ग्राहक खूश होतो. पण आर-२२ साठी बनवलेल्या यंत्रातले रिले आणि विजेचे जोड पेट घेणाऱ्या वायूसाठी बनवलेले नसतात. गळती झाली आणि तुम्ही किंवा तुमच्यानंतर आलेला मेकॅनिक टॉर्च पेटवून ब्रेझिंग करायला बसला, तर काय होईल हे सांगायला नको.

म्हणून सिलिंडर घेताना थोडा वेळ काढा. लेबलवर बनवणाऱ्याचे नाव, वायूचे नाव, बॅच क्रमांक आणि संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक असायला हवा. आर-२२ साठी हा क्रमांक १०१८, आर-१३४ए साठी ३१५९ आणि आर-३२ साठी ३२५२. बिल पक्के घ्या आणि बिलावर वायूचे पूर्ण नाव लिहून घ्या. भाव बाजारापेक्षा फारच कमी असेल, तर विक्रेत्याला मालाचा स्रोत विचारण्यात संकोच करू नका.

गेजने केलेली एक साधी चाचणीही उपयोगी पडते. सिलिंडर काही तास सावलीत ठेवा, म्हणजे आतले तापमान खोलीइतके होईल. खोलीत ३० अंश सेल्सिअस असेल तर शुद्ध आर-२२ चा दाब गेजवर सुमारे १५८ पीएसआय दिसला पाहिजे. आर-३२ चा सुमारे २६५ आणि आर-४१०ए चा २६० च्या आसपास. यापेक्षा बराच जास्त किंवा कमी दिसला तर तो माल वापरू नका. मात्र दाब बरोबर आला म्हणजे गॅस खरा, असा उलटा अर्थ काढू नये. आर-४० चा दाब आर-१३४ए च्या इतका जवळ असतो की गेजला फरक कळत नाही. त्यासाठी वायू ओळखणारे यंत्र किंवा प्रयोगशाळाच लागते.

परवान्याशिवाय आणलेला माल सीमाशुल्क कायद्याखाली जप्त होतो. पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या कलम १५ मध्ये जन विश्वास कायद्याने बदल झाला असून एप्रिल २०२४ पासून दहा हजार ते पंधरा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पूर्वी इथे कैदेची शिक्षा होती. जप्तीची वेळ आली की ‘मला माहीत नव्हते’ यापेक्षा पक्के बिल जास्त कामाला येते.

आपल्याकडचा गॅस आपणच वाचवणे

वापराचा जो हिशेब वर सांगितला, त्यात एक गोष्ट कारागिराच्या बाजूची आहे. यंत्रातून काढून घेतलेला आणि पुन्हा वापरलेला गॅस नव्या वापरात मोजला जात नाही. २०३० नंतर देशाच्या वाट्याला सरासरी ७३० टन नवा गॅस असेल, पण भंगारात जाणाऱ्या प्रत्येक जुन्या एसीत थोडा आर-२२ असतोच. तो हवेत सोडून दिला तर गेला. रिकव्हरी यंत्राने काढून ठेवला तर तो पुढच्या ग्राहकाच्या उपयोगी पडतो.

काढलेला गॅस ठेवताना दोन चुका हमखास होतात. एकाच सिलिंडरमध्ये आर-२२ आणि आर-४१०ए दोन्ही भरले, तर ते मिश्रण वेगळे करणे कार्यशाळेत शक्य नाही आणि सगळा माल वाया जातो. प्रत्येक वायूसाठी वेगळा सिलिंडर ठेवा आणि त्यावर नाव लिहा. दुसरी चूक म्हणजे सिलिंडर तोंडापर्यंत भरणे. क्षमतेच्या ८० टक्क्यांवर थांबावे, कारण उन्हात द्रव फुगतो आणि जागा नसेल तर सिलिंडर फाटतो. वजनकाट्याशिवाय हे काम करू नका.

हे सगळे हाताने शिकायचे तर प्रशिक्षण आहे. मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारत शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख सेवा तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. हे प्रशिक्षण एचसीएफसी निर्मूलन आराखड्यातून आणि प्रधानमंत्री कौशल विकास योजनेच्या जोडीने चालते. प्रमाणन इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्र कौशल्य परिषदेमार्फत होते. वर्षानुवर्षे काम करत असलेल्या पण कागद नसलेल्या कारागिरांसाठी ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ हा मार्ग बघावा. यात आधी येणाऱ्या कामाची परीक्षा होते आणि कमी पडेल तेवढेच शिकवले जाते. कौशल विकास योजनेतील प्रशिक्षणासाठी उमेदवाराला शुल्क भरावे लागत नाही. कोणी मागितले तर पावती मागा, आणि पावती मिळत नसेल तर तिथून उठा. जवळच्या आयटीआयमध्ये किंवा स्किल इंडिया डिजिटल हबवर सध्या कोणती तुकडी सुरू आहे ते विचारता येते.

रिकव्हरी यंत्र, व्हॅक्यूम पंप, वजनकाटा आणि गळती शोधक असा संच स्वतःचा असेल तर काम वाढते. त्यासाठी प्रधानमंत्री मुद्रा योजनेत अर्ज करता येतो. शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते, तेही तारणाशिवाय. बँकेत जाताना उपकरणांचे कोटेशन आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र असेल तर ते सोबत न्यावे.

घरी जुना आर-२२ चा एसी असलेल्या ग्राहकांनी तो आज बदललाच पाहिजे असा नियम नाही. चालू यंत्र चालू ठेवण्यास आणि दुरुस्त करून घेण्यास मुभा आहे. ‘आर-२२ वर बंदी आली, आता नवीनच घ्यावा लागेल’ असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. पण दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर तो एसी कुठेतरी गळतो आहे. आधी गळती शोधून बंद करून घ्या, मग गॅस भरा, आणि मेकॅनिकला सिलिंडरवरचे लेबल दाखवायला सांगा.